आत्याची सून गुंजवण्याची

आमच्या आत्याने जन्मात कुणाचं भांडं रिकामं परत दिलं नाही. शेजारून वाटीभर साखर आली तर ती वाटी जाताना लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी घेऊन जाई. घरात काहीच नसेल तर कढीपत्त्याची चार पानं, तीही नसली तर चिमूटभर साखर, पण भांड्याचा तळ दिसता कामा नये. भोरला आमच्या आळीत तिला सगळे डबाआत्या म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. गॅसवाला रिकामी टाकी खांद्यावर घ्यायला लागला की ती त्याला थांबवी आणि टाकीच्या कडीला शेवग्याच्या शेंगांची जुडी बांधून देई. "रिकामी कशी पाठवू?" तो बिचारा पहिल्यांदा गोंधळला. पुढे पुढे शेंगांच्या दिवसांत आमची टाकी नंबर लावायच्या आधीच दारात येऊ लागली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तहसील कचेरीत टायपिस्ट होती. चणीने एवढीशी, खुर्चीत उशी ठेवून बसायची तेव्हा कुठे मशीनच्या वर तिचं डोकं दिसायचं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "लोकांची भांडी परत करता करता राहून गेलं." हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की विचारणाऱ्याला खरंच वाटायचं.

लग्न राहिल्याचं तिला दुःख नव्हतं. सून राहिल्याचं मात्र होतं. आळीत कुणाकडे नवी सून आली की तिचं पहिलं वर्ष आत्याच्या देखरेखीखाली जाई. सासवांना ती दम द्यायची. "पोर परक्या घरातून आलीय. तिच्या माहेरी जे खात होती ते महिनाभर करू दे. मग हळूहळू आपलं वळण लाव. आल्या दिवशी चुलीपाशी ढकलू नकोस." सासवा तोंडावर हो म्हणत आणि पाठीमागे म्हणत, हिला काय जातंय, हिला कुठे सून आहे. ते आत्याच्या कानावर यायचंच. मग ती दोन दिवस गप्प बसायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच घरी अळूवड्या पाठवायची, कारण त्यांची वाटी आपल्याकडे राहिलेली असायची.

मोबाईल नुकते घरोघरी आले होते, त्या सुमारास आत्याला कावीळ झाली. ती गेली आणि पुन्हा आली. मग पोट फुगलं, पाय सुजले, डोळे हळदीत बुडवल्यासारखे झाले. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "दारू घेता का?" आत्या म्हणाली, "एकदा खोकल्याचं औषध घेतलं होतं. चव बरी लागली म्हणून लगेच बंद केलं." तपासणीसाठी नर्सने रिकामी बाटली हातात दिली आणि भरून आणायला सांगितली. त्या तापातही आत्याचा चेहरा उजळला. "बघ," मला म्हणाली, "एवढ्या मोठ्या गावात एकजण तरी वळणाचं भेटलं."

बातमी काही हसण्यासारखी नव्हती. तिचं लिव्हर आक्रसून गेलं होतं आणि कारण काही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. नवीन बसवलं नाही तर फार दिवस नाहीत, असं मोठ्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून लावता येतो आणि तो दोन्हीकडे वाढतो, हेही सांगितलं. माझा रक्तगट तिच्याशी जुळत होता. मी आत्याच्या हाताखाली वाढलेली, मला ती हवी होती, दुसरा विचारच नव्हता. मी तिच्या कॉटवर बसून म्हटलं, "माझं घे."

"नाही."

"का पण?"

"परत काय देऊ?"

मी चिडले, रडले, भांडले. ती ढिम्म हलली नाही. "एवढ्या मापाचं माझ्याकडे काही नाही गं," म्हणाली. "तुझं भांडं मी रिकामं परत देऊन वर जायचं? मला तिथे झोप यायची नाही." वडिलांनी तिला आईची शपथ घातली. ती म्हणाली, आईनेच तर हे शिकवलं. त्या दिवशी मला त्या सगळ्या वाट्या-डब्यांचा मनापासून राग आला. माणूस मरायला टेकलंय आणि ह्यांचं भांडं अडलंय!

अशात एके सकाळी मोठे डॉक्टर स्वतः आले. वेल्ह्याकडच्या गुंजवणे गावची एक मुलगी त्यांच्याकडे दाखल होती, रोहिणी. वय पंधरा. तिच्या लिव्हरला जन्मापासून एक काम येत नव्हतं. डाळ, दूध, दाणे यांतला ठरावीक भाग पचवून मोकळा करायचं काम. तो रक्तात साठला की पोर बेशुद्ध पडे. तिच्या लघवीला गुऱ्हाळाचा वास येई आणि त्यावरूनच रोग सापडला होता. पोरगी साबुदाणा, मोजका भात आणि भाज्यांवर वाढलेली. आता तिचे वडील तिला आपल्या लिव्हरचा तुकडा देणार होते. म्हणजे तिचं स्वतःचं लिव्हर बाहेर निघणार.

"ते तुम्हाला लावू," डॉक्टर म्हणाले. "रक्तगट जुळतोय. पोरीचं आहे, पण तुमच्या मापाला पुरेल."

"तेच बिघडलेलं?" वडील दचकले.

डॉक्टर समजावून सांगण्यात पटाईत होते. "असं बघा, एक बाई स्वयंपाकात तरबेज आहे, फक्त एक पदार्थ येत नाही. रोहिणीच्या घरात तो पदार्थ कुणालाच येत नाही, म्हणून तिथे अडतं. आत्यांच्या घरात, म्हणजे शरीरात, बाकीच्यांना तो येतो. स्नायू वगैरे ते काम उरकतात. मग बाई बाकीचा सगळा स्वयंपाक उत्तम करते."

आत्या कोपरावर उठून बसली. कित्येक दिवसांत ती अशी उठली नव्हती. "म्हणजे सून सुगरण आहे, एवढंच की एक पदार्थ येत नाही?"

"तसंच समजा."

"आणि मी नाही घेतलं तर त्याचं काय करणार?"

"टाकून देणार."

"टाकून? धडधाकट?" आत्याने कपाळाला हात लावला. मग बोटं दुमडत हिशेब केला. बापाने पोरीला दिलं. पोरीने बापाकडून घेतलं, पण आपलं पुढे पाठवलं. "पोरगी वळणाची आहे," म्हणाली. "मला पसंत आहे."

रोहिणीचे आईवडील भेटायला आले ते हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये. माझे वडील का कोण जाणे, काळी टोपी घालून बसले. समोर किसनराव, रोहिणीचे वडील, तेही फेटा बांधून आलेले. चहा आला. दोन्हीकडून पहिलं कोण बोलणार अशी पंचाईत. शेवटी वडिलांनी घसा साफ केला आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पुढचं कसं करायचं?"

किसनरावांनीही बैठकीच्या सवयीने हात जोडले. "आमची गरिबाची पोर हाय. संबाळून घ्या." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एवढे हसले की कँटीनवाला बघायला आला. रोहिणीच्या आईने तेवढ्यात डोळे पुसून घेतले. तिचा नवरा आणि लेक दोघं एकाच दिवशी टेबलावर झोपणार होते, हे आम्हा हसणाऱ्यांच्या लक्षात उशिरा आलं.

ऑपरेशनच्या आधी परवानगी लागते. अवयवाच्या मागे पैसा फिरत नाही ना, हे बघणारी एक समिती असते. टेबलामागे चार गंभीर माणसं, टेबलापुढे आम्ही दोन्ही घरची आणि चाकाच्या खुर्चीत आत्या. अध्यक्षांनी विचारलं, "आजी, ह्या लोकांना तुम्ही काही दिलंय का?"

"अजून नाही," आत्या म्हणाली.

सगळ्यांची पेनं थांबली. "अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे देणार आहे. घेऊन तशीच बसेन होय?"

मी मागून तिच्या खांद्याला चिमटा काढला. तिने माझा हात झटकला. अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला आणि कायदा सांगितला. अवयवाच्या बदल्यात काहीही देणं हा गुन्हा आहे. असं असेल तर परवानगी मिळणार नाही. आत्या ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. दुसरं काही खोटं बोलायला सांगितलं असतं तर तिने ते कदाचित केलंही असतं, पण रिकामं भांडं परत पाठवीन असं तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. "मग राहू दे," ती म्हणाली. "तुमचा कायदा मोठा आहे. मी आपली भोरला जाते."

अध्यक्षांनी शेवटचं म्हणून विचारलं, "देणार तरी काय होतात?"

"पुरणपोळ्या," आत्या म्हणाली. "डबाभर."

आणि मग तोवर आईच्या पदराआड बसलेली रोहिणी पहिल्यांदा बोलली. "म्या पुरनपोळी कदी खाल्ली न्हाई," म्हणाली. "होळीला समदी खात्यात. मला साबुदाना."

समितीतल्या एक बाई तोंडाला रुमाल लावून खोकल्या. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी कुणी कुणाला काही द्यायचं नाही. कबूल?"

"आणि नंतर?"

"नंतर होळीला कोण कुणाकडे जेवतं हे बघायला आम्ही येत नाही." त्यांनी सही केली. आत्याने जाता जाता त्यांच्या टेबलावरचा रिकामा पेला उचलून पाण्याने भरून ठेवला. तेवढं तिला राहवलं नाही.

एकाच दिवशी तीन टेबलांवर ऑपरेशनं झाली. सकाळी सुरू झालेलं काम उरकायला दिवस मावळला. किसनरावांचा तुकडा रोहिणीत गेला, रोहिणीचं लिव्हर आत्यात आलं. त्या दिवसाबद्दल मला जास्त काही सांगता येत नाही. मी आणि रोहिणीची आई एकाच बाकावर बसलो होतो आणि एकमेकींचा हात सोडला नाही, एवढंच आठवतं.

आत्या शुद्धीवर आली. डोळ्यांतली हळद दिवसागणिक उतरू लागली. आणि मग नवाच घोळ सुरू झाला. आहारतज्ज्ञ बाई येऊन सांगायच्या, डाळ खा, दूध प्या, जखम भरायला ताकद पाहिजे. आत्या ताट परत करायची.

"आजी, तुम्हाला पथ्य नाही. ते पथ्य त्या मुलीला होतं."

"हो, पण हिच्या माहेरी डाळ शिजत नव्हती," आत्या उजव्या कुशीवर हात ठेवून म्हणायची. "काल आलीय पोर. लगेच तिच्यापुढे तुरीची आमटी ठेवू? महिनाभर तिच्या वळणाने घेऊ, मग बघू."

डॉक्टरांनी समजावलं, वडिलांनी हात जोडले. आपणच तो स्वयंपाकाचा दाखला दिला याचा डॉक्टरांना मनापासून पश्चात्ताप होत असावा. चार दिवस आत्या बिनदाण्याची साबुदाण्याची खिचडी मागत राहिली. शेवटी आहारतज्ज्ञ बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजी, मीसुद्धा कुणाची तरी सून आहे. आल्या आल्या उपाशी ठेवणाऱ्या सासूला आमच्याकडे काय म्हणतात सांगू का?"

आत्याने निमूटपणे वाटी उचलली. मुगाचं पाणी होतं. पिण्याआधी पोटाकडे बघून म्हणाली, "घे बाई. न आवडलं तर सांग."

पलीकडच्या खोलीत त्याच आठवड्यात रोहिणीने जन्मात पहिल्यांदा वरण खाल्लं. सगळा वॉर्ड दारात जमला होता. तिने एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि आईकडे बघितलं. "ह्याच्यासाटी मी एवढी वरसं रडत हुते व्हय?" म्हणाली. "ह्याला तर काय चवच न्हाई!" शेंगदाण्याच्या लाडवाबद्दल मात्र तिचं मत वेगळं पडलं. वजनाच्या काट्यावर ते लवकरच दिसू लागलं.

होळीला आत्याने पुरणपोळ्या केल्या. तिला फार वेळ उभं राहायची परवानगी नव्हती, म्हणून तिने स्टुलावर बसून मला उभं केलं आणि माझ्या प्रत्येक पोळीला नावं ठेवली. आपलं नाव कोरलेला तिचा मोठा स्टीलचा डबा एसटीने गुंजवण्याला गेला. आत्या मोकळी झाली. "झालं. फिटलं नाही, पण निदान भांडं तरी भरून गेलं."

आठवड्याने डबा परत आला. घरच्या आंबेमोहोराने काठोकाठ भरलेला.

आपल्यासारखंच दुसरं घर या दोन तालुक्यांत असेल, हे आत्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तिने चकल्या पाठवल्या, डबा नाचणीच्या पापडांचा होऊन आला. मुरांबा गेला, करवंदं आली. एकदा एवढा मोठा भोपळा आला की डब्यात मावला नाही, तेव्हा डबा रिकामा जायला नको म्हणून त्यात भोपळ्याच्या बिया भरलेल्या. "जरा म्हणून दम खाऊ देत नाहीत," आत्या कुरकुरायची आणि लगेच कणीक मळायला घ्यायची. भोर ते नसरापूर गाडीवर मुलाणी कंडक्टर असायचे. नसरापूरला ते डबा वेल्ह्याच्या गाडीत चढवून देत. एकदा ते स्वतः दारात आले. "आत्या, आता ह्याचा पास काढा," म्हणाले. "माझ्या बायकूपेक्षा ह्योच गाडीत जास्त बसतोय." त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नव्हतंच. चिवड्याची पुडी घेऊन ते हसत गेले.

एकदा डब्यात भाताच्या तुसात ठेवलेली गावरान अंडी आली. आमच्या घरात अंडं शिजत नाही. वडील म्हणाले, मुलाण्यांना देऊन टाकू. आत्याने एक अंडं हातात घेतलं. "तिच्या माहेरून आलंय," म्हणाली. "तिला नाही कसं म्हणू?" मागच्या अंगणात वेगळा स्टोव्ह पेटवला, वेगळं पातेलं ठेवलं, आणि आत्याने डोळे घट्ट मिटून उकडलेलं अंडं खाल्लं. "मी नाही खाल्लं हं," मला म्हणाली. "तिने खाल्लं." पुढे दर रविवारी 'ती' अंडं खात असे आणि मीठ-मिरपूड कमी पडली तर आत्या तक्रार करी.

दिवाळी आली तेव्हा तिने सगळ्यात मोठी गंमत केली. सुनेची पहिली दिवाळी माहेरी होते, म्हणून आपण गुंजवण्याला जाणार, असं तिने जाहीर केलं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, मग कोण अडवणार? एसटीत मी सोबत होते. मार्गासनी मागे पडली आणि राजगड दिसायला लागला तशी ती उजव्या कुशीवर हात ठेवून हळूच सांगायला लागली, "आलं बघ तुझं गाव." शेजारचा माणूस उठून पुढच्या बाकावर जाऊन बसला.

किसनरावांच्या अंगणात रांगोळी होती. रोहिणीची आई ओवाळायला ताट घेऊन आली आणि आत्याच्या कपाळाला कुंकू लावायला गेली. आत्याने तिचा हात धरला. पदर बाजूला घेतला आणि बरगडीखाली बोट ठेवलं. "मला काय ओवाळतेस? मी सासू. लेक तुझी इथे आहे." त्या बाईने तिथे, लुगड्यावर, कुंकवाचं बोट टेकवून निरांजन ओवाळलं. रोहिणी पोट धरून हसत होती. किसनराव म्हणाले, "आत्याबाई, तुमी लई येड्या हाय." आणि फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. हसता हसता माझीही तीच गत झाली.

त्यानंतर आत्या बरीच वर्षं जगली. गोळ्या घड्याळ लावून घ्यायची. रोहिणी दहावी झाली, नर्सिंगला गेली, तिचं लग्न झालं. त्या लग्नात आत्या दोन्हीकडून मिरवली. मुलीकडची म्हणून रडली आणि वरमाय म्हणून रुसून मान घेतला. डबा चालूच होता. कुणाचं देणं कुणाकडे राहिलंय, हे कधीच कुणाला सांगता आलं नसतं, पण आत्याला आतून वाटत असे की तिचंच राहिलंय. "भांडं भरतं गं," एकदा मला म्हणाली, "पण पोरीने जे दिलं त्या मापाचं होत नाही. मी तशीच जाणार बहुतेक."

आणि ती गेली. लिव्हर ठणठणीत होतं, हृदयच थांबलं. दुपारी भांडी पालथी घालून ठेवली आणि तिथेच ओट्यापाशी बसली.

आमच्याकडे सुतकातल्या घरी चूल पेटत नाही. आळीतून पिठलं-भात येतो. आणि सुतकातल्या घरचं बाहेर कुणी खात नाही, म्हणून आलेली भांडी घासून रिकामीच परत द्यायची असतात. मी आत्याच्या मोरीत बसून शेजाऱ्यांची पातेली घासत होते आणि एकेक रिकामं पातेलं दारात उभ्या असलेल्या बायकांच्या हातात देत होते. त्या घरातून असं कधी झालं नव्हतं. आत्या गेल्याचं मला स्मशानातून पुरुषमंडळी परत आल्यावर कळलं नव्हतं इतकं त्या पातेल्यांनी कळलं.

तेवढ्यात रोहिणी आली. कडेवर लेक, हातात आत्याचं नाव कोरलेला डबा. गेल्या खेपेचा तिच्याकडे राहिलेला. तो तिने माझ्यापुढे ठेवला. उघडला तर, सुतकात गोड करत नाहीत तरी, पुरणपोळ्या. तिने स्वतः केलेल्या, कडा थोड्या करपलेल्या.

"हे घेते," मी म्हटलं, "पण तुला जाताना काही देता येणार नाही गं. सुतक आहे. इथलं तुला चालायचं नाही."

रोहिणीने लेक खाली ठेवली आणि माझ्याजवळ मोरीच्या काठावर टेकली. "न चालायला काय झालं?" म्हणाली. "मला बी सुतकच हाय. त्यांच्यासंगं माझं बी काय तरी गेलं न्हाई व्हय?" आणि तिने हात स्वतःच्या उजव्या बरगडीखाली ठेवला, अगदी आत्या ठेवायची तसा.

खरंच होतं. त्या चितेवर एकट्या आमच्याच घरातलं काही गेलं नव्हतं. आणि एका सुतकातली माणसं एकमेकांचं खातात, त्याला कुणाची हरकत नसते.

मी उठले, डबा स्वच्छ घासला, पुसला. आत्याच्या फळीवर तिने शेवटचा केलेला चिवडा होता. तो काठोकाठ भरून मी डबा रोहिणीच्या हातात दिला.